दार संघटनेचं, रस्ता खेळाडूचा

जानेवारी २०२४ मधली एक मॅच तुम्हाला आठवत असेल. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच फेरीत आपल्या सुमित नागलनं ३१व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय खेळाडूनं मानांकित खेळाडूला हरवायची वेळ तब्बल ३५ वर्षांनी आली होती. आधीची वेळही याच स्पर्धेतली. १९८९ मध्ये रमेश कृष्णननं तेव्हाच्या गतविजेत्या मॅट्स विलँडरला हरवलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत नागलचे फोटो होते, अभिनंदनाचे संदेश होते. पण याच्या मागची हकीकत फारशी कुणी सांगितली नाही. या स्पर्धेत आशिया-पॅसिफिक भागातल्या खेळाडूंसाठी एक वाइल्ड कार्ड असतं, म्हणजे पात्रता फेरी न खेळता मुख्य ड्रॉमध्ये थेट प्रवेश. त्यासाठीच्या स्पर्धेला नागलचं नाव आपल्या राष्ट्रीय संघटनेनं पाठवलं नव्हतं. कारण काय, तर डेव्हिस करंडकाच्या लढतीसाठी पाकिस्तानात जायला त्यानं नकार दिला होता. मग नागल पात्रता फेरीच्या तीन मॅच जिंकून आला आणि चौथ्या मॅचमध्ये बुब्लिकला हरवलं.

त्याच्या चारच महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, याच नागलनं एका मुलाखतीत सांगितलं होतं की आपल्या खात्यात फक्त ९०० युरो उरलेत. साधारण ८० हजार रुपये. देशाचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू! वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी, आणि तोसुद्धा फक्त एक कोच सोबत घेतला तर. फिजिओ परवडत नाही, असं तो म्हणाला होता.

ही हकीकत वाचून आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: संघटना वाईट, अधिकारी खुर्चीला चिकटलेले, खेळाडू बिचारा. मीसुद्धा सुरुवातीला तसंच समजत होते. पण क्रीडासंस्थांच्या इतिहासावर काम करायला लागल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. माणसं बदलली, पदाधिकारी बदलले, खेळाडूंच्या चार पिढ्या झाल्या, तरी भांडण तेच. जे भांडण माणसं बदलूनही मिटत नाही त्याचं मूळ माणसांच्या स्वभावात नसतं, व्यवस्थेच्या रचनेत असतं. आजच्या लेखात ती रचना कशी तयार झाली तेवढंच सांगायचा प्रयत्न करते.

संघटना नेमकं करते काय?

ऑल इंडिया टेनिस असोसिएशन, म्हणजे आपली आयटा, १९२० साली लाहोरला स्थापन झाली. तेव्हा नावात ‘लॉन’ हा शब्दही होता. त्या काळचं टेनिस म्हणजे जिमखान्यांचं टेनिस. साहेब लोक, संस्थानिक, वरच्या हुद्द्यावरचे अधिकारी, वकील, डॉक्टर. स्पर्धा भरवणं, नियम सांभाळणं आणि डेव्हिस करंडकासाठी संघ निवडणं ही संघटनेची कामं. खेळाडू घडवणं हे तिचं काम आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. खेळाडू क्लबात आपोआप तयार होतो, आपण फक्त त्यातला चांगला कोण ते ठरवायचं, अशी ही समजूत.

त्यात भर म्हणजे तो काळ ‘हौशी’ टेनिसचा. १९६८ पर्यंत विम्बल्डन आणि डेव्हिस करंडक फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. पैसे घेऊन खेळलात की तुम्ही बाहेर. परदेशात खेळायला जायचं तर आपल्या देशाच्या संघटनेची परवानगी लागायची, खर्चाचे पैसे किती घ्यायचे यावरही बंधनं असायची. थोडक्यात, खेळाडूच्या पोटापाण्याची जबाबदारी संघटनेवर नाही, पण त्याच्या खेळण्याचा परवाना मात्र तिच्या हातात.

रामनाथन कृष्णनचं उदाहरण घ्या. १९५४ साली ज्युनियर विम्बल्डन जिंकलेला, पुढे १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचलेला खेळाडू. १९५९ साली जॅक क्रेमरनं त्याला आपल्या व्यावसायिक ताफ्यात यायला तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलर देऊ केले होते. त्या काळात दीड लाख डॉलर! कृष्णननं नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर विम्बल्डन आणि डेव्हिस करंडक दोन्ही दारं बंद झाली असती. १९६६ साली भारत पहिल्यांदा डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत गेला तो कृष्णन, जयदीप मुखर्जी आणि प्रेमजित लाल यांच्या जिवावर. कृष्णननं तो करार केला असता तर ते झालं नसतं. म्हणजे आपल्या टेनिसचा तो सोन्याचा क्षण एका खेळाडूनं पदरचे दीड लाख डॉलर सोडल्यामुळे आलेला आहे. हे आपण विसरतो.

आणि कृष्णनला शिकवलं कुणी? वडिलांनी, टी. के. रामनाथन यांनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे काम पडेल.

१९७३: पिलिचचं प्रकरण

आता जरा भारताबाहेर जाऊ, कारण खेळाडू आणि राष्ट्रीय संघटना यांच्यातला सगळ्यात गाजलेला झगडा युगोस्लाव्हियात झाला.

१९७३ च्या मे महिन्यात झाग्रेबला युगोस्लाव्हिया विरुद्ध न्यूझीलंड अशी डेव्हिस करंडकाची लढत होती. निकोला पिलिच हा त्यांचा प्रमुख खेळाडू. संघटनेचं म्हणणं, यानं खेळायचं कबूल केलं आणि आला नाही. त्याचं म्हणणं, मी पक्का शब्द दिलाच नव्हता. संघटनेनं त्याच्यावर नऊ महिन्यांची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय महासंघानं ती कमी करून एक महिन्यावर आणली, पण त्या एका महिन्यात विम्बल्डन येत होतं.

आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, व्यावसायिक खेळाडूंची स्वतःची संघटना निघाली होती, एटीपी. तिचा अध्यक्ष क्लिफ ड्रिसडेल आणि कार्यकारी संचालक तोच जॅक क्रेमर, कृष्णनला करार देऊ करणारा. एटीपीनं सांगितलं, पिलिच नाही तर आम्हीही नाही. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं, खेळाडूंच्या विरोधात गेलं, आणि मग ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. १६ मानांकितांपैकी १३ जण आलेच नाहीत. त्या वर्षीचं विजेतेपद चेकोस्लोव्हाकियाच्या यान कोडेशनं मिळवलं. त्याला उपांत्यपूर्व फेरीत आपल्या विजय अमृतराजनं पाच सेटपर्यंत झुंजवलं.

या बहिष्कारानं एक गोष्ट कायमची बदलली. रोजच्या टेनिसवरची राष्ट्रीय संघटनांची पकड सुटली. वर्षभराच्या स्पर्धा, क्रमवारी, बक्षिसाची रक्कम हे सगळं हळूहळू खेळाडूंच्या आणि स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात गेलं. राष्ट्रीय संघटनेकडे उरलं काय? डेव्हिस करंडक, पुढे १९८८ पासून पुन्हा ऑलिम्पिक, आणि काही वाइल्ड कार्डांच्या शिफारशी. म्हणजे जिथे ‘देश’ हा शब्द येतो ती ठिकाणं.

लेखाचं नाव त्यावरूनच घेतलंय. दार संघटनेकडे राहिलं. त्या दारापर्यंत पोचायचा रस्ता मात्र तिचा नव्हता. जगातल्या काही देशांतल्या संघटनांनी हे ओळखून रस्ता बांधायला घेतला. आपल्याकडे दाराची किल्ली तेवढी जपली गेली.

पुण्यात जिंकलेली आणि कधीच न खेळलेली फायनल

१९७४ हे वर्ष भारतीय टेनिसमध्ये अभिमानाचंही आहे आणि चुटपुट लावणारंही. मे महिन्यात कोलकात्याला भारतानं ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं. त्या लढतीत एकूण ३२७ गेम झाले, डेव्हिस करंडकातला तो विक्रम आहे. विजय आणि आनंद या अमृतराज बंधूंची दुहेरीची मॅच नुसती बघा: १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४. तेव्हा टायब्रेकर नव्हता ना!

मग उपांत्य लढत सोव्हिएत संघाविरुद्ध, आणि तीही आपल्या पुण्यात. भारत ३-१ नं जिंकला आणि अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ भारतानं ती फायनल खेळायची नाही असं ठरवलं आणि दक्षिण आफ्रिकेला करंडक न खेळताच मिळाला.

इथे मला तुमच्याकडून जरा धीर हवाय. हा निर्णय नैतिकदृष्ट्या बरोबर होता असंच माझं मत आहे, आणि अमृतराज बंधूंनीही नंतरच्या काळात तसंच म्हटलंय. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं आणखी एक प्रश्न विचारायला हवा: किंमत कुणी मोजली? देशाची भूमिका देशानं घेतली, आयुष्यात एकदाच येणारी संधी मात्र त्या चार-पाच खेळाडूंची गेली. त्याबद्दल त्यांना काही देणं लागतो, हा विचार आपल्या क्रीडाव्यवस्थेत रुजला नाही. ‘देशासाठी त्याग’ हे गृहीतच धरलं गेलं. पुढच्या प्रत्येक भांडणात संघटनेचं पहिलं वाक्य तेच असतं: देशासाठी खेळायचं तर पैशाची भाषा कशाला? सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीडनविरुद्धच्या लढतीआधी नागलबद्दल हेच झालं. त्यानं वर्षाला ५० हजार डॉलर मागितले असं संघटनेनं जाहीर केलं. त्याचं उत्तर होतं की खेळाडूंना मोबदला देणं ही सगळीकडची रीत आहे, आणि लढतीतून आपण पाठीच्या दुखण्यामुळे बाहेर पडलो. भारत ती लढत ०-४ नं हरला.

शिकवलं कुणी?

आता मघाचं नाव आठवा, टी. के. रामनाथन. त्यांनी मुलगा घडवला, पुढे मुलानं आणि आजोबांनी मिळून नातू रमेश घडवला. विजय, आनंद आणि अशोक अमृतराज यांच्यामागे आई मॅगी अमृतराज उभ्या होत्या. महेश भूपतीला वडील कृष्णा भूपतींनी शिकवलं. सानिया मिर्झाची कारकीर्द वडील इम्रान मिर्झांनी उभी केली. ही यादी बघितलीत की ध्यानात येईल, आपलं टेनिस हे घराण्यांचं टेनिस आहे. गाण्यात कसं घरात गुरू असला की मुलाला सूर मिळतो, तसं.

ज्याच्या घरात कोच नाही त्यानं काय करायचं? याचं एक उत्तर १९८५ मध्ये मिळालं. अमृतराज कुटुंब आणि ब्रिटानिया कंपनी यांनी मिळून तेव्हाच्या मद्रासमध्ये ब्रिटानिया अमृतराज टेनिस योजना सुरू केली. देशभरातून मुलं निवडायची, त्यांनी तिथेच राहायचं, शाळा शिकायची, रोज खेळायचं. लिअँडर पेस त्यातलाच. १९९० साली तो ज्युनियर विम्बल्डन जिंकला, १९९६ ला अटलांटात त्यानं ऑलिम्पिक कांस्यपदक आणलं. एका खासगी कंपनीच्या आणि एका कुटुंबाच्या उत्साहावर हे झालं. अशी योजना बंद पडली की तिची जागा घ्यायला मागे कुणी नसतं, कारण ती कुणाचं ‘काम’ म्हणून सुरू झालेली नसते.

तिसरं उत्तर, अमेरिकेतली विद्यापीठं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७, २००८ अशी दोन वर्षं तिथला आंतरविद्यापीठ विजेता ठरला. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून आला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममधून. हीच ऋतुजा हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली.

थोडक्यात हिशेब असा: आईवडील, एक बिस्किट कंपनी आणि अमेरिकन विद्यापीठं. यांनी खेळाडू घडवले, आणि घडून झाल्यावर संघटनेनं त्यांची निवड केली. मग तो खेळाडू संघटनेचं ऐकेल कशाला? आणि संघटना त्याला कशाच्या जोरावर ऐकायला लावणार? एकच जोर उरतो, दार बंद करण्याचा.

२०१२ आणि २०१३

लंडन ऑलिम्पिकच्या आधी हाच जोर लावून बघितला गेला. भूपती आणि बोपण्णा यांना एकत्र खेळायचं होतं, संघटनेला पेससोबत जोडी हवी होती. दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला. शेवटी दोन जोड्या गेल्या: भूपती-बोपण्णा आणि पेस-विष्णू वर्धन. पेसची समजूत काढायची म्हणून मिश्र दुहेरीत सानियाला त्याच्याबरोबर दिलं गेलं. सानियानं तेव्हा जाहीर पत्रक काढून सांगितलं की एका नाराज दिग्गजाला शांत करण्यासाठी मला आमिष म्हणून वापरलं गेलं. एका विम्बल्डन-दर्जाच्या खेळाडूला, तिच्या मर्जीचा विचार न करता, तडजोडीच्या तराजूत टाकलं गेलं होतं. त्या पत्रकातली ही तक्रार आजही तितकीच बोचते. पदक एकही आलं नाही.

ऑलिम्पिक संपल्यावर संघटनेनं भूपती आणि बोपण्णा यांचा जून २०१४ पर्यंत निवडीसाठी विचार करायचा नाही असं ठरवलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. चाळीस वर्षांपूर्वीच्या पिलिचचीच ही गोष्ट, फक्त गाव वेगळं.

मग आलं २०१३. जानेवारीत सोमदेवच्या पुढाकारानं ११ खेळाडूंनी दक्षिण कोरियाविरुद्धच्या लढतीतून अंग काढून घेतलं. मागण्या बक्षिसाच्या वाट्याच्या होत्या, प्रवासाच्या दर्जाच्या होत्या, कुठल्या मैदानावर खेळायचं हे ठरवताना आम्हाला विचारा अशीही एक होती. आणि एक मागणी होती कर्णधार आणि कोच बदलण्याची. संघटनेनं काही मागण्या मान्य केल्या, पण तडजोड झाली नाही. दिल्लीत पेस आणि तीन नवखे खेळाडू उतरले. पेस आणि पूरव राजा यांनी दुहेरी जिंकली, बाकी चारही मॅच गेल्या. १-४.

आणि कोच?

खेळाडूंच्या भांडणात कोचची बाजू नेहमी हरवते, म्हणून इथे जरा थांबू.

२०१३ मध्ये ज्या कोचला बदला अशी मागणी झाली ते पुण्याचे नंदन बाळ. स्वतः डेव्हिस करंडक खेळलेले. खेळाडूंचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण डेव्हिस करंडकाचा कोच या पदाचा विचार करून बघा. वर्षातले दोन-तीन आठवडे संघ एकत्र. उरलेले पन्नास आठवडे प्रत्येक खेळाडू आपापल्या खासगी कोचबरोबर जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यात. त्या एका आठवड्यात या माणसानं काय शिकवायचं? आणि खेळाडूनं त्याचं का ऐकायचं? अधिकार नाही, वेळ नाही, पण हरल्यावर बोट मात्र त्याच्याकडे. हा माणसाचा दोष कमी आणि पदाचा दोष जास्त.

पुढे उलटंही घडलं. आनंद अमृतराज कर्णधार असताना खेळाडूंना ते हवे होते, तसं त्यांनी कळवलंही, तरी संघटनेनं त्यांच्या जागी भूपतीला नेमलं. आनंद यांची शेवटची लढत फेब्रुवारी २०१७ मध्ये बालेवाडीला न्यूझीलंडविरुद्ध झाली आणि ती आपण ४-१ नं जिंकली. मग २०१९ मध्ये पाकिस्तानात जायच्या प्रश्नावरून भूपतीही गेले. म्हणजे खेळाडूंनी ‘नको’ म्हटलेला असो की ‘हवा’ म्हटलेला, ठरवणार संघटनाच.

आणि जो खरा शिकवणारा असतो, लहान गावात दहा वर्षांच्या पोराच्या हातात रॅकेट देणारा, तो तर या चित्रात कुठेच नाही. त्याचं उत्पन्न म्हणजे मुलांची फी. एखादा मुलगा चांगला निघाला की तो मोठ्या शहरात किंवा परदेशी अकादमीत जातो. जायलाच हवं. पण त्याला घडवणाऱ्या पहिल्या कोचला त्याचा काहीही वाटा मिळत नाही, पैशाचाही नाही आणि नावाचाही नाही. फुटबॉलमध्ये खेळाडू विकला गेला की त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना मोबदला मिळतो. टेनिसमध्ये असं काही नाही. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्याला हेमंत बेंद्रे यांच्याकडे आली आणि तिथून देशातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. अशा जोड्या टिकतात त्या एकमेकांवरच्या विश्वासावर. व्यवस्थेमुळे नाही.

सन्मानाचंही तेच. पेसला १९९० साली सोळाव्या वर्षी डेव्हिस करंडकात उतरवणारे कर्णधार नरेश कुमार. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला २०२० मध्ये. तेव्हा त्यांचं वय होतं ९१.

संघटनेची बाजू

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकतर्फी बोलते.

पैसा कुठून आणायचा, हा संघटनेपुढचा खरा प्रश्न आहे. ब्रिटनच्या संघटनेला विम्बल्डनच्या नफ्यातला बहुतांश वाटा मिळतो. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या संघटना तर आपापल्या ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या मालकच आहेत. या चार देशांकडे पैशाची विहीर आहे, आणि त्यांतले फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका वाइल्ड कार्डांची देवाणघेवाणही आपापसांत करतात. आपल्याकडे एटीपीची एक २५० दर्जाची स्पर्धा होती. आधी चेन्नईत, २०१८ पासून पुण्यात. २०२३ नंतर तीही राहिली नाही. क्रिकेट मंडळासारखा प्रसारणाचा पैसा टेनिसला मिळत नाही. सरकारी मदत येते ती ऑलिम्पिक पदकाची शक्यता बघून, आणि टेनिसमध्ये एकेरीच्या ८० किंवा १०० क्रमांकाला पोचणं हे पदकाच्या भाषेत बसत नाही. ती मोजपट्टीच वेगळी आहे.

पाकिस्तानच्या प्रश्नातही संघटना अगदीच हेकट होती असं नाही. लढतीला संघ पाठवला नाही तर आंतरराष्ट्रीय महासंघ दंड करतो. खेळाडूच्या सुरक्षेची काळजी खरी, संघटनेची अडचणही खरी.

पण पैसा नाही हे कारण सगळीकडे पुरत नाही. विश्वास द्यायला पैसे लागत नाहीत. निवडीचे निकष आधी लिहून जाहीर करायला, मिश्र दुहेरीची जोडी ठरवण्याआधी खेळाडूला फोन करायला, वाइल्ड कार्डाचा वापर शिक्षेसारखा न करायला काय खर्च येतो?

इटलीनं काय केलं

ग्रँड स्लॅम नसलेला देश काय करू शकतो याचं उदाहरण इटली. तिथेही एके काळी संघटनेचा हट्ट होता की खेळाडूनं आमच्या केंद्रात यावं, आमच्या कोचकडे शिकावं. खेळाडू खासगी कोचकडे गेला की दुरावा. मग त्यांनी धोरण बदललं. खेळाडूनं आपला कोच सोडायचा नाही, उलट संघटनेनंच त्या कोचला मदत करायची: तज्ज्ञ, फिजिओ, सरावाची सोय, प्रवासाला हातभार. जोडीला देशातच भरपूर चॅलेंजर स्पर्धा भरवल्या, म्हणजे तरुण खेळाडूला क्रमवारीचे गुण मिळवायला विमानाचं तिकीट काढून जगभर फिरायला नको. यानिक सिनर बोर्दिगेराला रिकार्दो पियात्तींच्या खासगी अकादमीत वाढला, लोरेंझो मुसेत्ती लहानपणच्याच कोचबरोबर, सिमोने तार्तारिनींबरोबर मोठा झाला. २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा डेव्हिस करंडक इटलीनं नेला.

मला यातली महत्त्वाची गोष्ट पैशाची वाटत नाही. रस्ता आपला नाही हे त्यांच्या संघटनेनं कबूल केलं, आणि मग त्या रस्त्यावर खडी टाकायला घेतली. खेळाडू डेव्हिस करंडकाला ‘यायलाच हवं’ म्हणून येत नाहीत, त्यांना यावंसं वाटतं.

मग आता?

सप्टेंबर २०२४ मध्ये आयटाच्या निवडणुकीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि निकाल सीलबंद ठेवायची वेळ आली. याचिका करणारे कोण? सोमदेव देववर्मन आणि पूरव राजा. आठवतंय ना, २०१३ मध्ये एक बहिष्कार घालणाऱ्यांचा पुढारी होता, दुसरा त्याच लढतीत पेसच्या साथीनं उतरला होता. अकरा वर्षांनी दोघं एकाच बाजूला उभे राहिले. या संपूर्ण इतिहासात मला सगळ्यात बोलका वाटलेला तपशील हाच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना जागा आहे, वाद सोडवायला राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आहे. म्हणजे पुढचा पिलिच, पुढचा बोपण्णा उच्च न्यायालयाच्या पायऱ्या न चढता दाद मागू शकेल, निदान कागदावर तरी. हे छोटं पाऊल नाही.

तरी माझी एक शंका राहते. कायदा दाराबद्दल बोलतो: किल्ली कुणाकडे, किती वर्षं, कशी द्यायची. रस्त्याबद्दल तो फारसं बोलत नाही. दोन खेळाडू कार्यकारिणीत बसल्यानं सांगली-नाशिकच्या कोचला त्याचा पुढचा खेळाडू टिकवता येईलच असं नाही. त्यासाठी कुणीतरी बैठकीत उठून विचारायला हवं की हा मुलगा बारा वर्षांचा असताना याला कोण शिकवत होतं, आणि आपण त्या माणसासाठी काय केलं?

तेव्हा पुढच्या वेळी ‘खेळाडू विरुद्ध संघटना’ अशी बातमी वाचलीत की कोण बरोबर हे ठरवायच्या आधी एवढं एक बघा: या खेळाडूला घडवताना संघटना कुठे होती? उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं, तर भांडण का पेटलं हे कळायला बातमीचा पुढचा भाग वाचायची गरज पडणार नाही.